साइट ऑफिसातला चहा

घरांच्या बाजाराची नाडी नेमकी कुठे लागते, याविषयी जाणत्यांमध्ये एकमत नाही. कोणी मुद्रांक शुल्काच्या महसुलाचे आकडे बघतात, कोणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराकडे डोळे लावून बसतात, कोणी सिमेंटचा खप मोजतात. मी साइट ऑफिसातला चहा बघतो. तेजीच्या दिवसांत तिथे चहा नसतोच. काचेचं दार ढकलून आत गेलं की काउंटरमागची मुलगी मान वर न करता एक फॉर्म पुढे सरकवते. त्यात आपलं बजेट लिहायचं असतं आणि ते वाचून आपल्याला सोफ्यावर बसवायचं की प्लास्टिकच्या खुर्चीवर, हे ती ठरवते. तहान लागलीच तर कोपऱ्यात पाण्याचा जार उपडा घातलेला असतो आणि त्याच्याशेजारचे पेले नुकतेच संपलेले असतात. मग कुठेतरी काहीतरी हलतं. एखादी परदेशी बँक बुडते, एखादी नोट रात्रीतून रद्द होते, एखादी साथ येते. आणि एका रविवारी आपल्यासमोर कागदी कपात घोटभर चहा येऊन उभा राहतो. महिन्याभरात त्या कपाला कान फुटतात, कानामागून बशी येते, बशीत दोन बिस्किटं येतात. ‘साखर किती घेता?’ हा प्रश्न ज्या आठवड्यात विचारला जातो, त्या आठवड्यात बाजार पुरता वाकला आहे असं खुशाल समजावं.

2020 च्या पावसाळ्याअखेरीस, पुण्याच्या पश्चिमेला पुनावळे-रावेतच्या बाजूला, मला आल्याचा चहा मिळाला. ताजा, उकळलेला, दुधावरची साय काठाला चिकटलेला. मशीनचं बटण दाबून पडणारा तो पिवळसर द्राव नव्हे. माझ्या निर्देशांकानुसार ही ऐतिहासिक नीचांकाची खूण होती आणि तेव्हाच्या बातम्याही काही वेगळं सांगत नव्हत्या. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, मजूर चालत गावी गेले, अर्धवट इमारतींवरच्या क्रेन दिशा विसरलेल्या होकायंत्राच्या काट्यांसारख्या जागच्या जागी थिजल्या. मे महिन्यात रेपो दर चार टक्क्यांवर आला. बँका सात टक्क्यांच्याही खाली गृहकर्ज द्यायला लागल्या, आणि ऑगस्टअखेरीस राज्य सरकारनं मुद्रांक शुल्कात सूट जाहीर केली: 1 सप्टेंबरपासून वर्षअखेरीपर्यंत तीन टक्के, त्यापुढे मार्चअखेरीपर्यंत दोन टक्के. साठ लाखांच्या घरावर तीन टक्के म्हणजे एक लाख ऐंशी हजार. मध्यमवर्गीय माणसाला साठ लाख हा आकडा कळत नाही, तो नुसता धुक्यासारखा असतो. पण एक लाख ऐंशी हजार त्याला अगदी नीट कळतात.

माझ्या भाच्यालाही ते कळले. तो आणि भाचेसून दोघंही संगणकावर काम करणारी, वाकडला भाड्याच्या टू बीएचकेत राहणारी. टाळेबंदीत दोघांच्या मीटिंगा एकाच वेळी सुरू झाल्या आणि एकाला बाल्कनीत आणि एकाला स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसावं लागलं, तेव्हा त्यांना घराचा खरा आकार दिसला. “मामा, रविवारी याल का आमच्याबरोबर? कोणीतरी मोठं माणूस असावं बरोबर,” असं भाच्यानं फोनवर सांगितलं. मोठं माणूस म्हणजे घासाघीस करणारं माणूस, हे त्यानं बोलून दाखवलं नाही. मला मात्र घासाघिशीपेक्षा चहाचं आकर्षण होतं.

आणि मला बघायचं होतं की राजा कसा दिसतो. कारण त्या दिवसांतल्या सगळ्या पुरवण्यांमध्ये एकच मथळा होता, की आता ग्राहकच राजा. आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत जागेच्या बाबतीत राजा झालेला एकच पुरुष, तो म्हणजे माझे आजोबा; तेही नकळत. लढाईच्या आधी दादरमध्ये नव्या इमारतींवर ‘जागा भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या ओळीनं लटकत असत, असं ते सांगायचे. मालक स्वतः खाली उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायचा, वर नेऊन वाऱ्याची दिशा दाखवायचा, एक महिन्याचं भाडं माफ म्हणायचा. आजोबांनी म्हणे तीन मजले चढून जाऊन, समुद्राचा आवाज फार येतो म्हणून एक जागा नाकारली होती. आमच्या घरात ही गोष्ट पुराणकथेसारखी सांगितली जाई. समुद्राचा आवाज नाकारणारा पूर्वज! पुढे लढाई आली, माणसं आली, पाट्या उतरल्या. 1947 च्या भाडे कायद्यानं भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या आकड्याला खिळवून टाकली, आणि मग जागा मिळायला भाडं नाही तर पागडी लागू लागली. ती कोणत्याही कागदावर नसे आणि सगळ्यांना तोंडपाठ असे.

पुण्यात त्याच कायद्याची वेगळीच शोभा होती. वाड्यात भाडेकरू दोन-चार रुपयांत राहायचा आणि मालक त्याच दोन-चार रुपयांत भिंतीची डागडुजी करायचा, म्हणजे करायचा नाही. भाडेकरू कधी जातो याची मालक आणि जिना कधी पडतो याची भाडेकरू वाट बघत, आणि दोघं एकाच नळावर पहाटे पाणी भरत. कोण कोणाचा राजा, हे तिथे शेवटपर्यंत ठरलं नाही. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या वाड्यांचा प्रश्न एका दुपारी नदीनंच सोडवला. माणसं लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहतींत पांगली. स्वतःच्या मालकीचं घर ही गोष्ट तेव्हा माणसाच्या आयुष्यात अगदी शेवटी, प्रॉव्हिडंट फंडाच्या चेकबरोबर येई. म्हणूनच त्या काळच्या बंगल्यांची नावं ‘श्रमसाफल्य’ आणि ‘कृतार्थ’ अशी दमलेली असतात. 1977 मध्ये एचडीएफसी निघाली आणि पगारदार माणसाला ऐन उमेदीत कर्ज काढून घर घेता येतं, ही कल्पना हळूहळू रुजली. रुजायला वेळ लागला. कर्ज म्हटलं की आमच्याकडे अजूनही आवाज खाली जातो.

वडिलांनी कोथरूडला फ्लॅट घेतला तेव्हाचे बिल्डर मला आठवतात. एका गाळ्यात लाकडी टेबल, भिंतीवर देवीचं कॅलेंडर, आणि टेबलामागे ते. वडील उभे. समोर खुर्ची रिकामी होती, पण कोणी ‘बसा’ म्हटलं नाही आणि वडिलांनाही ते विचारावंसं वाटलं नाही. ‘माझ्यावर कृपा करा’ अशा चेहऱ्यानं त्यांनी स्वतःच्याच आयुष्याची बचत पुढे केली. करार झाला होता. 1963 च्या मोफा कायद्यानुसार त्यात ताब्याची तारीख लिहिलेली होती. पण तो कागद वाचण्यासाठी असतो असं वडिलांना कधीच वाटलं नाही, तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवण्यासाठी असतो. ताबा लांबला; एक गणपती गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी वडिलांनी बिल्डरला चितळ्यांचे पेढे नेऊन दिले. पैसेही यांनी द्यायचे, वाटही यांनीच बघायची आणि वर पेढेही यांनीच. आईनं विचारलं, “त्यांनी काय दिलं?” वडील म्हणाले, “कॅलेंडर.” ते आमच्या हॉलमध्ये वर्षभर लटकलं आणि वर्ष संपल्यावरही देवीचं चित्र म्हणून बराच काळ राहिलं.

असं रक्त अंगात घेऊन मी पुनावळ्याच्या त्या गार हवेच्या ऑफिसात शिरलो. दारात एका मुलानं कपाळाला बंदूक लावून ताप मोजला, हातावर सॅनिटायझर घातलं आणि “या सर, बसा ना,” म्हणाला. मी बसलो, पण खुर्चीच्या कडेवर. राजाला जसं बसायचं असतं तसं मला बसताच येईना. मध्यभागी काचेच्या पेटीत अख्ख्या गृहसंकुलाची प्रतिकृती होती, कापसाची झाडं, निळ्या काचेचा तलाव आणि तलावाकाठी बोटाच्या पेरापेक्षा लहान एक बाई, कुत्रं घेऊन कायमची फिरायला निघालेली. प्रतिकृतीतल्या या गावात कुठेही दुचाकी नव्हती, वाळत घातलेले कपडे नव्हते, आणि मुख्य म्हणजे शेजारची दुसरी इमारत नव्हती. माहितीपत्रकात हिंजवडी दहा मिनिटांवर होतं आणि प्रस्तावित मेट्रो पाच. मिनिटांच्या बाबतीत बिल्डर मंडळी ऋषींसारखी असतात, त्यांचा काळ आपल्या काळापेक्षा निराळा वाहतो.

मग सॅम्पल फ्लॅट. सॅम्पल फ्लॅटइतकी निष्पाप जागा पृथ्वीवर दुसरी नसेल. तिथे कोणी भांडलेलं नसतं, कोणी परीक्षेत नापास झालेलं नसतं, फ्रीजवर औषधांच्या पट्ट्या नसतात. फळांच्या परडीतलं सफरचंद प्लास्टिकचं असतं आणि टीव्हीवर कायम तळं दिसतं. आतल्या खोल्यांना दारं लावलेली नसतात, म्हणजे जागा मोठी वाटते, आणि पलंग साधारणपणे अशा माणसासाठी बनवलेला असतो ज्याची वाढ आठवीतच थांबली. भाचा सहा फुटांच्या जवळपास. तो गंमत म्हणून त्या पलंगावर आडवा झाला आणि त्याचे पाय गुडघ्यापासून बाहेर आले. मुलगा क्षणभर गप्प राहिला, मग शांतपणे म्हणाला, “सर, हा गेस्ट बेडरूमचा बेड आहे.” पाहुण्यांनी बुटकं असावं, ही अपेक्षा फार चुकीची नाही, ती फार दिवस राहत नाहीत.

आमच्यात राजेपण पेलणारी एकच व्यक्ती होती, ती भाचेसून. तिनं पर्समधून वही काढली. पाणी महापालिकेचं की टँकरचं? टँकरचं असेल तर महिन्याचा मेंटेनन्स किती? कार्पेट एरिया किती, ड्राय बाल्कनी त्यात धरली आहे का? बोअर किती खोल? समोरच्या रिकाम्या जागेवर आराखड्यात काय आरक्षण आहे? 2017 पासून महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकल्पाची कुंडली उघडी पडलेली असते. नोंदणी क्रमांक टाकला की किती फ्लॅट विकले गेले, ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली, सगळं दिसतं. ती मोबाइलवर ते वाचत होती आणि प्रश्न विचारत होती. मुलगा सांगत होता, “फक्त चार युनिट शिल्लक आहेत मॅडम,” आणि ती मान न उचलता म्हणाली, “इथे तर एकशे बारा दाखवतंय.” मला त्या मुलाची दया आली आणि त्याच वेळी वाटलं, वडिलांना हे दृश्य दिसायला हवं होतं. त्यांना भाचेसुनेचा अभिमान वाटला नसता. त्यांना भीती वाटली असती की आता हे लोक आपल्याला फ्लॅट देणार नाहीत.

आता भावाची गोष्ट. माझी समजूत अशी होती की मंदीत भाव पडतात. नाही. निदान आमच्याकडे घराचा भाव पडत नाही, तो फक्त अवघडतो. त्याची कारणं ऐकली की वाटतं, ही सगळी यंत्रणा कोणीतरी उतरण माहीतच नसलेल्या गावात बांधली असावी. प्रत्येक वस्तीतल्या जागेला सरकारचा एक भाव असतो, रेडी रेकनर. शुल्क त्याच्या खाली धरत नाहीत, आणि विक्री त्याच्या फार खाली झाली तर प्राप्तिकर खातं विचारतं की उरलेले पैसे कुठे गेले. विकणाऱ्यालाही विचारतं, घेणाऱ्यालाही. घर स्वस्तात मिळालं, हे उत्तर खात्याला पटत नाही. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालायचा. त्या नोव्हेंबरात केंद्रानं ठरावीक घरांच्या पहिल्या विक्रीपुरता तो काही महिन्यांसाठी वीस टक्क्यांवर नेला, यावरून भाव खरोखर उतरले आहेत हे दिल्लीलाही मान्य होतं असं दिसतं. पण त्याच वर्षी 12 सप्टेंबरला राज्याचे नवे रेडी रेकनर दर आले, ते सरासरी 1.74 टक्क्यांनी वाढून. मुंबईचे किंचित उतरवले होते, पुण्याचे चढवले होते. सगळं शहर घरात कोंडलेलं, साइट ओस, आणि सरकारी कागदावर आमच्या जागा शांतपणे महाग होत होत्या.

शिवाय ज्यांनी आधी घेतलं त्यांचं काय? एका मजल्यावर सहा हजारांनी घेतलेला माणूस शेजारच्याला पाच हजार दोनशेला मिळालं हे कळलं तर लिफ्टमध्ये कसा उभा राहील? आणि ज्या बँकेनं सहा हजारांवर कर्ज दिलं ती? म्हणून भावाला हात लावायचा नाही, असा सगळ्यांचा एक मूक करार असतो. भाव तसाच ताठ उभा राहतो आणि त्याच्या आजूबाजूनं वस्तू येऊ लागतात. मॉड्युलर किचन मोफत. दोन खोल्यांत एसी. पार्किंग ‘आमच्याकडून’, खरं तर सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्येच सांगितलं आहे की उघडं किंवा इमारतीखालचं पार्किंग वेगळं विकता येत नाही. दसऱ्याला सोन्याचं नाणं. हट्टी आजोबांनी वडीलकी तर सोडायची नाही, पण नातू निघाला की त्याच्या खिशात गुपचूप घडी केलेली नोट सरकवायची, तसा हा बाजार आपल्याला सूट देतो. तोंडानं ‘नाही’च म्हणत राहतो.

भाचेसुनेनं नाणं नाकारलं. एसी नाकारले. “हे सगळं नको. दर चौरस फुटामागे कमी करा,” ती म्हणाली. मुलगा म्हणाला, “मॅडम, माझ्या हातात नाही. वरती विचारून येतो.” वरती म्हणजे शेजारची केबिन. दुधी काच होती, पण तिच्या खालच्या बाजूला हातभर पट्टी स्वच्छ होती, आणि मी खुर्चीच्या कडेवर, म्हणजे जरा वाकूनच बसलेलो असल्यामुळे मला ती केबिन खालून पूर्ण दिसत होती. आत एक फिरती खुर्ची होती आणि एक टेबल. खुर्चीच्या पायांशी कोणाचेही पाय नव्हते. मुलाचे बूट आत गेले, टेबलाशी थांबले, एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे. कोणाशी तरी बोलण्याइतका वेळ गेला. मग बूट वळले आणि तो बाहेर येऊन म्हणाला, “सर तयार नव्हते, पण मी खूप रिक्वेस्ट केली. शंभर रुपये कमी करू.” त्या दिवशी तो तीनदा आत गेला. तिसऱ्या वेळी आत जाऊन तो टेबलाला टेकून नुसता उभा राहिला, आणि मला दिसलं की त्याच्या एका बुटाचा तळ पुढून उकलला आहे. मी हे भाचेसुनेला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आणखी पन्नास रुपये कमी झाले असते, पण प्रत्येक रिकाम्या केबिनमध्ये डोकावायलाच हवं असं नाही.

चहा परत आला. या वेळी मी त्याला विचारलं, “चहा कोण करतं तुमच्याकडे? फार छान आहे.” तो लाजला. “मीच करतो, सर. ऑफिस बॉयला मेमध्ये कमी केलं. मशीनही परत गेलं, भाड्याचं होतं. मागे गॅस आहे.” आलं तो स्वतः आणत होता. बार्शीचा. घरी आजी असाच करते म्हणाला, आधी आलं, मग साखर, दूध सगळ्यात शेवटी. म्हणजे माझा तो निर्देशांक! वाकलेल्या बाजाराची म्हणून मी जी अदब चाखत होतो, ती बाजाराची नव्हतीच, बार्शीच्या एका म्हातारीची होती. एक नोकरी गेली होती आणि तिची किंमत आम्ही आल्याच्या वासात घेत होतो. मी कप खाली ठेवला. मग पुन्हा उचलला, कारण तो निवत चालला होता आणि चहाला यातलं काही माहीत नव्हतं.

त्यानंतर मंडळी बऱ्याच ठिकाणी हिंडली. उंड्रीला जाऊन टँकरची रांग बघून आली, वाघोलीला जाऊन रस्ता बघून आली, मोशीत एके ठिकाणी ताब्याची तारीख विचारली तर समोरच्या माणसानं सुस्कारा सोडला. शेवटी परत पुनावळ्यालाच आली. मुलगा कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहत होता, हे मला तोवर कळलं होतं. एका खोलीत चार कॉट; साथीमुळे दोघं गावी गेले म्हणून सध्या ऐसपैस. दिवसभर लोकांना तो मास्टर बेडरूम दाखवतो, वॉर्डरोब कुठे बसेल ते हातानं आखून दाखवतो, सकाळचं ऊन कुठून येईल ते सांगतो. एकदा भाच्यानं विचारलं, “इथे देवघर कुठे बसेल?” तर तो क्षणाचाही विचार न करता एका कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, “इथे, सर. इथून दार उघडलं की दिसतं.” इतक्या पटकन सांगितलं, म्हणजे त्यानं ते कधीतरी एकट्यानं, संध्याकाळी ऑफिस बंद करण्याआधी, ठरवून ठेवलेलं असणार.

सौदा ठरला तो डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात. 31 तारखेला सवलतीचा पहिला टप्पा संपत होता. शुल्क भरून ठेवलं की दस्त नोंदवायला चार महिने असतात, हे भाचेसून सगळ्यांना सांगत होती. तरी भाच्याला धीर निघेना, आणि त्याच्यासारखे धीर न निघणारे राज्यभर होते. एकट्या मुंबईत त्या महिन्यात एकोणीस हजारांवर घरांची नोंदणी झाली. जो राजा म्हणून आठ-दहा महिने कौतुकानं मिरवला, तो वर्षअखेरीला दुय्यम निबंधक कार्यालयाच्या जिन्यात टोकन घेऊन, मास्क हनुवटीवर ओढून, उभा होता. जिन्यात पंखा नव्हता. खाली झेरॉक्सवाल्याकडे मुंग्यांसारखी गर्दी. एक आजोबा अंगठ्याला शाई लागेल म्हणून आधीच बाही सरसावून बसले होते. त्यांना कोणीतरी सांगितलं की आता शाई नसते, यंत्र असतं, तर त्यांचा जरा विरस झाला. फोटो काढताना मास्क काढायचा होता, आणि इतके महिने कोणीच कोणाचे ओठ पाहिले नव्हते, त्यामुळे कॅमेऱ्यासमोर प्रत्येक जण क्षणभर उगाचच ओशाळत होता.

बिल्डरच्या वतीनं तो मुलगा आला होता. नवे बूट घातले होते. आमचं टोकन बरंच मागचं होतं, म्हणून सगळे पायऱ्यांवर बसलो. भाचा मुदतीच्या काळजीनं दर पाच मिनिटांनी आत डोकावून येत होता. मुलगा बराच वेळ काहीतरी विचारायचं म्हणून चुळबुळत होता, शेवटी भाचेसुनेला म्हणाला, “मॅडम, एक विचारू? बावीस हजारांवर किती लोन बसतं?”

ज्या मुलीनं त्याला तीनदा रिकाम्या केबिनमध्ये पाठवलं होतं, तिनं आमच्याच फ्लॅटची कॉस्ट शीट उलटी केली आणि पाठकोऱ्या बाजूवर आकडे मांडायला घेतले. सात टक्के, वीस वर्षं, लाखाला महिना पावणेआठशे. पगाराच्या चाळीस टक्के हप्ता धरला तर अकरा लाखांच्या आसपास. अकरा लाखांत पुण्यात काय येतं? दोघं मिळून शोधायला लागले. तो तिला तळेगाव, शिरवळचे भाव सांगत होता, आणि कुठला भाव किती फुगवलेला आहे तेही, अगदी खुलेपणानं; आपल्या कंपनीचेही. ती म्हणाली, पंतप्रधान आवासचं व्याज अनुदान आहे, तुझ्या उत्पन्नगटाला दोन लाख सदुसष्ट हजारांपर्यंत मिळतं, ते धरलंस का? त्यानं धरलं नव्हतं. तो रोज समोरच्याला ते सांगत होता, स्वतःसाठी कधी धरलं नव्हतं. “आणि म्हाडा? आत्ताच पुण्याची सोडत जाहीर झालीय, पाच हजारांच्या वर घरं आहेत. अर्ज भरलास?”

“दिवसभर साइटवर असतो ना मॅडम. रात्री मग राहूनच जातं.”

“आण तो मोबाइल इकडे.”

ती पायरीवर भिंतीला टेकून अर्ज भरू लागली. नाव, जन्मतारीख, आधार. तो तिच्याकडे वाकून प्रत्येक रकाना वाचत होता, आणि घर विकताना त्याच्या आवाजात जे एक गुळगुळीतपण असायचं ते कुठेच नव्हतं. बाजूला बसलेल्या एका बाईंनी, “आम्हीपण भरलाय, आमचा नंबर गेल्या वेळी दोनानं हुकला,” असं सांगून मधेच उत्पन्नाच्या दाखल्याविषयी एक सूचना केली. भाचेसुनेनं ती ऐकून वरचा एक रकाना दुरुस्त केला.

“कायमचा पत्ता विचारलाय. कुठला टाकू?”

तो जरा थांबला. “बार्शीचा टाका, मॅडम. सध्या तरी.”

आतून आमचं टोकन पुकारलं गेलं. भाचा धावत जिन्यावर आला, हातातली फाइल हलवत, “अगं चल, चल, आपला नंबर आलाय, तो पुढच्याला घेईल!”

“घेऊ दे एकाला,” ती मान वर न करता म्हणाली. “ह्याचा पिनकोड राहिलाय.”